चुकीच्या पद्धतीचा माणूस

तीर्थरूप शकुंतलाआत्यास मोनूचा नमस्कार (वाकून करणे तूर्त बंद आहे, उभ्यानेच समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत आणि म्हैस चारा खाऊन राहिली की नाही, ते कळव. फोन केला असता, पण आई शेजारी बसून माझ्या वतीनं उत्तरं देते.

कॉलेज सोडल्यापासून (सरांशी जे झालं त्यात चूक त्यांचीच होती, तो विषय नको) मी तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलतो. मागच्या महिन्यात तिथं तिघांच्या कमरा धरल्या, म्हणून मालक चंद्रकुमारशेठनी भंडाऱ्याहून फिजिओथेरपी शिकलेली एक मॅडम बोलावली. नाव गुंजन. तिनं शिकवलं, ओझं उचलताना अगदी जवळ जायचं, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, पोतं छातीशी धरायचं आणि वळताना कमरेला पीळ न देता पाय वळवायचे. मोठं पोतं असेल तर दोघांनी मिळून. हे सगळं मी ऐकलं असं म्हणवत नाही, मी पाहून राहिलो होतो.

मग तिनं दाखवण्यासाठी दोन माणसं निवडली. बरोबर पद्धतीसाठी काट्यावर वजन लिहिणारा अतुल (त्यानं जन्मात पोतं उचललेलं नाही). चुकीच्या पद्धतीसाठी मी. मला म्हणाली, "तुम्ही रोज उचलता तसंच उचला. काही बदलू नका." माझ्यावर इतका विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. कोंड्याचं हलकं पोतं घेऊन मी तीन पाळ्यांपुढे तीनदा जीव ओतून चुकलो. मात्र शेवटच्या पाळीला तिनं अतुलसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. माझं डोकं सणकलं. कोंडा सोडला, बाजूचं तांदळाचं भरलेलं पोतं कमरेत वाकून धरलं आणि हिसका दिला. पोतं जागीच राहिलं, मीही. हमालांना वाटलं हेही शिकवण्यातलंच, त्यांनी मलाही टाळ्या दिल्या. गुंजन म्हणाली, "झालं, आता सरळ व्हा." म्हटलं, "होता येत नाही मॅडम." शेठ एवढंच बोलले, "याले चुकीचं दाखव म्हनलं होतं, इतकं कोनं सांगितलं?"

तेव्हापासून घरीच आहे. गुंजनला स्वतःचा दोष वाटतो, म्हणून रोज पाच वाजता येऊन माझ्याकडून व्यायाम करून घेते. आई चहा देते आणि मधोमध बसून राहते. काल गुंजन म्हणाली की माझी सुधारणा फार सावकाश आहे. मी नाही म्हटलं नाही.

तुझा,
मोनू

ता.क. आईनं तुला सोमवारी बोलावलं हे कळलं. तू पायाळू, तुझी लाथ पाठीला लागली की उसण पळते, हे अख्ख्या सानगडीला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र. कृपा करून येऊ नको. कंबर चार दिवसांपूर्वीच बरी झाली. घरात कोणाला ठाऊक नाही.

ता.क. दुसरा. पत्र घेऊन येणाऱ्या मनिषनं आत्ताच सांगितलं, परवापासून अतुलचीही कंबर धरली आहे. काय उचललं म्हणावं, तर रजिस्टर. गुंजन साडेचारला त्याच्याकडे जाते, मग माझ्याकडे. तेव्हा तू ये. सोमवारची वाट पाहू नको, मिळेल त्या एसटीनं ये. आमच्याकडे नंतर, आधी अतुलकडे जा. बसस्टँडच्या मागं, निळं फाटक. चप्पल काढू नको.