आईचं ‘तू’

प्राग,
मंगळवार, ८ नोव्हेंबर २०२२

प्रिय आजी,

गुडघा कसा आहे? थंडीत जिना उतरताना कठडा धरतेस ना? मी इकडे ठणठणीत. तू पाठवलेला केक प्रवासात जरा चुरला, पण खोलीतल्या आम्ही तिघींनी चुऱ्यासकट फस्त केला. डब्यातलं कार्डही मिळालं. त्याचं नंतर बोलते.

शनिवारी चार वाजता आपल्या गावच्या थिएटरात माझा सिनेमा लागतोय. खाटीक ह्रुबेश आत्तापासूनच सांगत फिरतोय म्हणे, की त्यात तो आहे. आहेच, पण कसा आहे ते त्याला अजून माहीत नाही.

आईची गंमत ऐक. सिनेमा पाहिल्यापासून तिनं दुकानात सगळ्यांना अहो-जाहो सुरू केलंय. परवा ह्रुबेश बियर घ्यायला आला, तर ही विचारते, “काय हवं तुम्हाला?” तो गडबडला. “तुला काय झालं गं आज, लेन्का?”

“माझं नाव लिएन. तुम्ही बियर घेताय ना?”

बाटली तिनं हातातच धरून ठेवली होती. शेवटी तो पुटपुटला, “हो... द्या.” फोनवर हे सांगताना ती इतकी हसत होती की मला रडू आलं.

आजी, नातं ना गोतं, तरी मी तीन वर्षांची असताना आईनं मला तुझ्या ओटीत घातलं, कारण दुकान सकाळी सातला उघडायचं आणि मी निजल्यावर बंद व्हायचं. तू मला चेक बोलायला शिकवलंस, पोहायला शिकवलंस, आणि मोठ्यांना ‘अहो’ म्हणायला. ‘तू’ म्हणायचं ते मोठ्या माणसानं पेला पुढे करून मुभा दिली तरच, असा तुझा नियम. चुकले की बोटांवर लाकडी चमचा बसायचा. माझं ‘ङान’ हे नाव तुझ्या जिभेवर बसेना म्हणून तू मला तेरेझ्का केलंस, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

आईला मात्र कुणी काही शिकवलं नाही. ती चेक शिकली गल्ल्यामागे उभी राहून, गिऱ्हाइकांच्या तोंडून. म्हणून ती डॉक्टरलाही ‘तू’ म्हणायची आणि माझ्या मास्तरणीलाही. मी दहा वर्षांची असताना परवान्याच्या कचेरीत तिनं खिडकीतल्या बाईला सांगितलं, “तू इथे शिक्का मार.” बाईनं कागद परत ढकलले. “आधी माणसांत बोलायला शिक, मग ये.” अख्खी रांग हसली.

मीही हसले. रांगेतलीच एक वाटावी म्हणून, तिची मुलगी वाटू नये म्हणून. त्या बाईनंही आईला ‘तू’च म्हटलं होतं, हे मला बारा वर्षांनी उमगलं. माझं ते हसणं मी आईला कधीच सांगितलं नव्हतं. या सिनेमात मी ते माझ्याच आवाजात सांगितलंय, आणि आईनं ते पाहून माझ्या पाठीवरून हात फिरवला, बस्स.

सुरुवातीला हा सिनेमा विनोदीच करायचा होता, अख्ख्या गावाला अरे-तुरे करणाऱ्या दुकानदारणीचा. इथे सिनेमाच्या शाळेत, वर्गात थोडे तुकडे दाखवले, तर सगळे पोट धरधरून हसले. मग मी गल्ल्यावर लावलेल्या कॅमेऱ्याचं चार दिवसांचं चित्रण ऐकायला बसले. एकानंही आईला ‘अहो’ म्हटलेलं नाही. शाळकरी पोरांनी नाही, पोस्टमननं नाही, पाद्रीबाबांनी नाही. दोघं तर नुसतं “ए चिनी” म्हणतात, त्यातला एक ह्रुबेश. आम्ही व्हिएतनामचे, हे त्यांना एवढ्या वर्षांत विचारावंसं वाटलेलं नाही.

आणि तिसऱ्या दिवशी तू येतेस. “लेन्का, चार पाव दे गं,” म्हणतेस, आणि मग शेजारणीकडे वळून, आईच्या देखत, “या लोकांना ‘अहो’ केलं की बिचारे घाबरतात.” आई पाव पिशवीत भरते आणि म्हणते, “पुन्हा ये हं.”

गेल्या महिन्यात तुला सिनेमा दाखवला तेव्हा तू चष्मा पुसत राहिलीस. आता कार्डात लिहितेस, ‘तेरेझ्का, मी तुला वाढवलं. ते वाक्य काढ. मी प्रेमानं म्हणाले होते.’

प्रेमानंच म्हणालीस. ते मला माहीत आहे, आणि तरी मी काढणार नाही. ह्रुबेशचं ठेवलं आणि तुझं कापलं, तर त्याचा तो अपमान आणि तुझी ती माया, असं मीच ठरवल्यासारखं होईल. आईच्या कानाला दोन्ही सारखंच लागलं. आपलेच दात आपलेच ओठ म्हणून गप्पच बसायचं, तर सिनेमा काढायचा कशाला? मी आईला विचारलं, कापू का? ती म्हणाली, “मी एकोणीस वर्षं ऐकलं. त्यांनी एकदा ऐकावं.” ‘त्यांनी’ म्हणजे तू. आमच्या भाषेत तिनं तुझा उल्लेख कधीच एकेरी केलेला नाही.

तिसऱ्या रांगेत आईच्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरली आहे. आलीस तर आधी तिला ‘अहो लिएनबाई’ म्हण. मग वाटलं तर पेला पुढे कर आणि ‘तू’ची मुभा दे. वयानं मोठी तू आहेस आणि नियमही तुझाच आहे. नाही आलीस तरी सिनेमा लागेल. रिकामी खुर्ची कुणाची, ते गाव सिनेमातल्या आवाजावरून ओळखेल.

आता खालची सही मोठ्यानं वाच. ‘बँक’ म्हणताना मध्येच नाकात जो आवाज होतो, तिथून सुरुवात कर. दोनदा चुकशील, तिसऱ्यांदा जमेल. आईला तर अख्खी चेक जमली.

गुडघ्याला जप.

तुझ्याच हाताखाली वाढलेली,
ङान