आत्याने सांगितलेलं नाव

दारेसलाम
१२ जानेवारी १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ललिता आणि बाळ खुशाल आहेत. बाळ तुझ्यासारखं कपाळाला आठी घालूनच झोपतं. बारसं मार्चमध्ये करतोय. आत्याचा मान तुझा, पण आईला सोडून तुला येता येणार नाही. म्हणून पाळण्याशी फोन धरीन, तू तिकडून बाळाच्या कानात नाव सांग. साडी पोस्टाने येईल.

नाव उमा ठरवलंय. लहानसं आहे, इथल्या लोकांनाही म्हणता येतं. कारखान्यात सहज चौकशी केली, तर स्वाहिलीत उमा म्हणजे जेवायचा काटा. मोझांबिकचा फोरमन म्हणाला, पोर्तुगीजमध्ये 'एक'. जपानी इंजिनियरने घोडा सांगितलं, तेव्हापासून ललिता फुगून बसलीय. आपल्याकडे पार्वती, एवढंच मला ठाऊक. हे नाव मुळात आलं कुठून, ते तुझ्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंना विचार ना. आईला फोटो दाखव.

रागाव हवं तर, पण लोभ राहू दे.
तुझा ज्ञानेश

इंदिरानगर, नाशिक
३ फेब्रुवारी १९९७

चि. ज्ञानेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. शाळा, आईचं अंथरूण, औषधं, पुन्हा शाळा. दमलेय रे. आई कुणालाच ओळखत नाही. आई म्हणा, मंगला म्हणा, नजर भिंतीवर. घास ओठाशी धरला की तोंड फिरवते. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणतात.

बाईंना विचारलं. पार्वती अन्नपाणी सोडून तपाला निघाली तेव्हा तिची आई म्हणाली, 'उ, मा', म्हणजे अगं, नको. तेच नाव पडलं म्हणे. शिवाय संस्कृतात जवसालाही उमा म्हणतात. तुझ्या घोड्यापेक्षा बरं.

फोटो दाखवताना तुझं पत्र मोठ्याने वाचलं. उमा म्हटल्याबरोबर आईने मान वळवली. मी पुन्हा म्हटलं, तर तिने ओ दिली. वाटीभर खिमट खाल्लं. विंचूरला मैनामावशीला फोन केला, तर ती रडायलाच लागली. आईचं माहेरचं नाव उमा. लग्नात बाबांनी तांदळात मंगला लिहिलं आणि ते नाव संपलं. मावशी तर तिला अक्काच म्हणायची. इतक्या वर्षांत आपल्यालाही विचारावंसं वाटलं नाही, याची लाज वाटली.

बाळाची दृष्ट काढत जा.
तुझी ताई

दारेसलाम
१८ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगावर काटा आला. म्हणजे नकळत आईचंच नाव निवडलं आम्ही. आता तर बदलायचं नाहीच. ललिताने पाळण्यावर ते लोकरीने विणून लावलंय. दोन मार्चला, रविवारी सकाळी फोन करतो. घरीच थांब.

आईला नमस्कार सांग, कळो न कळो.
ज्ञानेश

इंदिरानगर, नाशिक
४ मार्च १९९७

चि. ज्ञानेश व सौ. ललिता यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं चिडला आहात, ते फोनवरच कळलं. ललिताचं विणकाम वाया गेलं, त्याचं मलाही वाईट वाटतं.

मी ठरलेलंच नाव सांगणार होते. रिसीव्हर कानाला होता, दुसऱ्या हाताने आईला भरवत होते. जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत, हे तू विसरलास. मीही कानाडोळा केला असता. पण आता आई त्या एका हाकेवर तोंड उघडते. नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलेलं नाही. उमा म्हटलं की दिवसभर 'ओ' ऐकू येते, आणि मला पहिल्यांदाच हे घर सोसवतं. आयुष्यभर काढून घेतलेलं नाव तिला आत्ता कुठे परत मिळालंय, ते पुन्हा तिच्याकडून घेऊन दुसरीला द्यायला माझी जीभ वळेना. म्हणून रेवा म्हटलं. आत्याने कानात सांगितलेलं बदलत नाहीत, तेव्हा तेच राहू दे.

साडी पाठवू नकोस. त्या पैशांत तिकिटाची भर घाल आणि रेवाला घेऊन ये. आईच्या उशाशी बसून तिला एकदा नावाने हाक मार. ओ देतेय तोवर ये.

वाट बघणारी,
ताई