पाहुण्यांनी मलेच विचारलं होतं

चंद्रपूर, १३ जानेवारी २००३

ती. भाऊस चंचलचा सा. न. वि. वि. मन नाई, पण रीत आहे म्हणून.

होस्टेलवर पोहोचली. काल माजरीचे गुणवंतराव पोराले घेऊन मले पाहाले घरी आले. मी समोरच बसली होती. नाव काय, हे त्याईनं मलेच विचारलं, सांगतलं तू. सैपाक येते का, तेही तूच सांगतलं. अन मंग तूच म्हणला का पोरगी फेब्रुवारीत लग्न करून एमसीए सोडून देते. माह्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा एप्रिलमधी आहे. मले काऊन नाई विचारलं?

माहा विषय तुले माहीत आहे. प्रोग्राममधला ऑब्जेक्ट, म्हणजे आपापलं काम करणारा एकेक घटक, स्वतःबद्दल किती जाणते, याची प्रोग्रामिंगच्या तीन भाषांमधी तुलना. स्मॉलटॉकमधला ऑब्जेक्ट चालत्या प्रोग्राममधी सांगते, मी कोण, मले काय येते. त्याले तिथंच बदलताही येते. जावामधला सांगते, पण बदलत नाई. तुह्या लाडक्या सी प्लस प्लसमधल्याले स्वतःचा पत्ता ठाऊक असते, पण काय येते हे त्याले विचाराची सोयच नाई. तू मले तसंच बसवलं.

रागावलेली चंचल


सिकंदराबाद, २० जानेवारी

चि. चंचलले आशीर्वाद, मागितले नाई तरी.

पत्र वाचून डोकं सणकलं. पोरगा खाणीत पक्क्या नोकरीवर आहे, निर्व्यसनी आहे. बाबाचे गुडघे आता तलावाच्या पाण्यात टिकत नाई, जाळं काका टाकते. तुही काळजी कोण करन? मी आईले विचारलं, काकाले विचारलं, वच्छलाआत्याले विचारलं. साऱ्याईले पटलं. शिकणं बंद ही अट पाहुण्याईची आहे, मी फक्त हो म्हणलो.

अन तुही तुलना. मी रोज सी प्लस प्लस लिहितो. कोण काय करन हे बहुतेक आधीच ठरलेलं असते, म्हणून प्रोग्राम धडाधड चालते. ज्याले त्याले विचारत बसणारा रांगते. मी डिप्लोमावर थांबलो, माहं काय अडलं?

तुहा भाऊ निकेश


चंद्रपूर, २७ जानेवारी

ती. भाऊस नमस्कार.

विचारण्यात वेळ जाते, हे तुहं खरं आहे. माह्या चाचणीतही जावा ऑब्जेक्टले विचारून काम करताना हळूहळूच चालली, अन मी ते तसंच लिहिलं. पण चुकीचं ठरवून धडाधड चालणाऱ्या प्रोग्रामले काय चाटाचं?

काल आत्याले घेऊन मी माजरीले गेली. लग्नाआधी पोरीनं पाहुण्याच्या घरी जाणं आपल्यात कोणी ऐकलं नसन. आत्या रस्ताभर कपाळ बडवून राह्यली होती. मी गुणवंतरावांना सरळ विचारलं का शिकणं सोडाची अट काऊन घातली. ते पोराकडं पाहाले लागले. पोरगा म्हणला का आम्ही कोणतीच अट नाई घातली. तुमच्या भावानंच आधी सांगतलं का तुम्हाले शिकणं झेपत नाई, तुम्हालेच सोडाचं आहे. परीक्षा होऊ द्या, लग्न मे महिन्यात करू, असंही म्हणला.

म्हणजे अट तुही होती, भाऊ. तू थांबला म्हणून मीही थांबावं, एवढंच ना? माजरीहून येताना गाडीत राग राग केला, अन मंग रडू आलं. पहिला प्रोग्राम मले तूच शिकवला होता.

मे महिन्यात लग्न करीन का नाई, मी अजून ठरवलं नाई. ठरलं का मीच कळवीन, त्याईलेही अन तुलेही. लोभ असू दे, पण माह्या जागी उत्तर देणं आता बंद कर.

तुही बहीण
चंचल