साखरपुड्याच्या पाटाला चार बेअरिंगं

सोलापूर, शनिवार, १९ फेब्रुवारी १९७७

ती. महिपतीमामांस सोजरचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या धुराड्याने मामींचा खोकला वाढला नाही ना?

मागच्या पत्रात माझ्या साखरपुड्यासाठी तुम्ही दिलेला सागवानी पाट चोरीला गेला असे लिहिले, ते चूक आहे. पाट मीच दिला. खरे तेच लिहावे, असे पाटी धरून तुम्हीच घरी शिकवलेत, म्हणून आठ दिवस झोप नाही.

आमच्या उतारावर सोमलिंग (मागावर कामाला आहे, लग्नाचा झाला तरी अक्कल नाही) जुनी बेअरिंगं चाकांसारखी ठोकलेल्या फळीवर उभ्याने घसरत येतो. खाली भिमा शेकोटीवर हलगी तापवतो. दोघांचे रोज भांडण. “सोम्या, तुझ्या खडखडाटात हलगी ऐकू येईना की!” “मग शेकोटी उचल, रस्ता तुझ्या बाचा हाय व्हय?” एकदा सोमलिंगला थांबता येईना (फळीला थांबवायची सोयच नाही), तो फळीसकट शेकोटीवरून उडाला. भिमाने दचकून हलगीवर थाप मारली ती नेमकी चाक टेकताना! मग सोमलिंग गटारात, आणि भिमा वाजवत ओरडतोय:

“सोम्या आला तोऱ्यानं, गटार मोजलं ढोपरानं!”

गटारातून उत्तर आले:

“तू बस कातडं शेकत, मी चाललो धूळ फेकत!”

तेव्हापासून हलगीशिवाय फळी सुटत नाही आणि फळीशिवाय हलगी तापत नाही. अख्खी गल्ली टाळ्यांनी ताल धरते. (मीही. दारातूनच.)

एके दिवशी फळी मोडली. सोमलिंग जुना पाट मागायला आला. जुना तडकलेला होता. त्यावरून तो पडला तर पाप मला, म्हणून मी चांगला दिला. आईने विचारल्यावर चोरीला गेला म्हणाले. शेजारच्या रत्नम्मामावशींनी मागे एकदा बारशाला तो पाट नेला होता, म्हणून आईने त्यांनाच धरले. आता दोघी बोलत नाहीत. मावशी बिचाऱ्या आमच्या दारावरून मान खाली घालून जातात. ते मला बघवत नाही.

तुमची भाची,
सोजर

ता. क. पाट परत मागितला. सोमलिंग म्हणतो, “घे की, पर बेअरिंगं निघंनात. नवरदेवाला सांग, नवरी पळती हाय.”

ता. क. दुसरा. पाटावर मी एकदा बसले आहे. दोनदा. मामींना सांगू नये.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरे यासाठीच. आईकडे चालत गेले तर अर्ध्या वाटेतून परत फिरेन, हे मला माहीत आहे. म्हणून पाटावरून उतार घसरत जाणार, त्याला थांबताच येत नाही. खाली आई आणि रत्नम्मामावशी दोघींना भिमा बोलावून आणील. कबुली हलगीच्या तालात बसवली आहे. लग्नात मामाने मागे उभे राहायचे असते, तुम्ही तेवढे पुढे उभे राहा, कोणीतरी अडवायला हवे. रविवार, २७ फेब्रुवारी, सकाळी नऊ.