दिपालीच्या फोटोतली भेग

साखळी, दुपार

चि. विनोदिनीस,
दादाचे आशीर्वाद.

तुमचा फोन लागेना, म्हणून लिहायला बसलो.

जन्मभर फिल्म धुतलेला मी, डिजिटल कॅमेऱ्याला हात लावायला तयार नव्हतो. फिल्म मिळेनाशी झाली तेव्हा गौरवीने हट्टाने शिकवलं. "बाबा, भिता कशाला? दाबा बटण!" तुझ्या दिपालीचं लग्न हे माझं पहिलं डिजिटल काम.

आज कॉम्प्युटरवर दिपालीचा फोटो मोठा करून पाहत होतो. तिच्या मागे, तुमच्या परसापलीकडचा खाणीच्या मातीचा डोंगर दिसला. त्याला माथ्यापासून खाली लांब भेग गेली आहे. छोट्या प्रिंटवर ती मला दिसली नसती.

फोटो घेऊन खाणीच्या मॅनेजरकडे गेलो. तो हसला. म्हणाला, "कॉम्प्युटर शिकलात ना, भाऊ? मग भेग पुसून टाका."

लिहिता लिहिता कळलं, पत्र पोचेपर्यंत थांबता येणार नाही. हे इथेच ठेवून तुमच्या सुर्ल्याची बस पकडतो. भावोजी घर सोडायला तयार होणार नाहीत, ओरडतील. ओरडू देत. तुम्हां सगळ्यांना हाताला धरून बाहेर काढीन.

पाऊस सुरू झाला आहे.

तुझा दादा,
कृष्णनाथ