गोलकीपरची आई

प्रिय आई,

आधी नमस्कार. जेवण वेळेवर होतंय, खोकला गेल्यासारखाच आहे.

सीझनआधी शाळाशाळांतून फुटबॉलची पोरं हेरत फिरतोय. काल एक गोलकीपर पाहिला. झेप अगदी मांजरासारखी, पण बुटका! पुढे उंच होईल का? अशा वेळी आम्ही पोराच्या आईबापांची उंची बघतो. फाटकाशी एक ताडमाड गृहस्थ दिसले. खूश होऊन त्यांना लेकाबद्दल खोदून खोदून विचारलं, तर ते निघाले शाळेच्या बसचे ड्रायव्हर!

पोराची आई शेजारीच होती, जेमतेम त्यांच्या कोपराएवढी. पण गर्दीमागून पोरगा दिसावा म्हणून मॅचभर टाचा उंचावून उभी.

मी पोराला निवडलंय. क्लबचे साहेब उंचीचं विचारतील, तेव्हा काय सांगू गं?

तुझ्या टाचा अजून दुखतात का?

तुझाच,
बुटक्या