गाडीखालचा ओला डाग

राजकुमार,

मी दुपारच्या एसटीनं पिशोरला तुझ्या आत्याकडं चाललोय. सोमवारी येतो.

आज तू कंपनीच्या बसनं गेलास, म्हणून फारूख मिस्त्रीला घरी बोलावून गाडी दाखवली. रेडिएटरला लांबलचक चीर गेलेली. इतके दिवस मी गळती कमी व्हावी म्हणून त्यात हळद टाकून भागवत होतो, म्हणून डबा रिकामा दिसंल. भाजीपुरती आणून ठेव. एवढ्या जुन्या गाडीला नवा रेडिएटर कशाला, असं म्हणू नको. बसवून झालाय. मिस्त्री म्हणाला, आता थेंबभर गळायचं नाय.

एक सांगायचं राहिलं. रोज उठून अंगणात आलो की गाडीच्या जागेवरचा डाग बघायचो. ओला असला की समजायचं, तू आत्ताच गेलास, थोडक्यात चुकामूक झाली. वाळलेला असला की लवकर गेलास. तेवढीच तुझी खबर.

आता डाग पडायचा नाय. तवा मंगळवारपासून जाताना आत येऊन मला हलवून जा. नुसती हाक मारू नको. गाडी चालू झालेलीसुद्धा मला हल्ली ऐकू येत नाय.

नाना